मंदावलेला संगणक व त्यातील कीड
माळशेज घाटाच्या वाटेवरील टोकावड्यासारख्या गावीही सात-बाराचा उतारा आता घरच्या संगणकावर काढता येतो. असे यंत्र मंदावून जाहिराती आपोआप उघडू लागल्यास ‘जुने झाले’ म्हणून स्वस्थ बसणे आम्हांस घातक वाटते. आत दुष्ट प्रोग्राम शिरला असल्यास तो बँकेचा परवलीचा शब्दही चोरू शकतो. प्रथम इंटरनेट तोडावे, तो शब्द निर्दोष यंत्रावरून बदलावा व कागदपत्रांची नक्कल काढून ठेवावी. भारत सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची कीड-शोधक साधने विनामूल्य मिळतात; ती पेनड्राइव्हने आणावीत. ‘वेग वाढवू’ म्हणणारे अनोळखी फुकट प्रोग्राम मात्र घेऊ नयेत. तेथे कुंपणच शेत खाते. गुण न आल्यास डिस्क पुसून प्रणाली नव्याने घालावी. विंडोज १० ची नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली असल्याने तीच पुन्हा घालू नये.