पेरूचे कलम ११३

पेरूच्या संसदेने १९९३च्या राज्यघटनेनुसार तीन दशके एकाच सभागृहातून कारभार केला. २०११पासून खुर्च्या १३०. त्यांतल्या ८७ जणांनी होकार दिला, की राष्ट्राध्यक्ष त्याच दिवशी पदावरून दूर. गुन्हा सिद्ध होण्याची किंवा न्यायालयाच्या निकालाची गरज नव्हती. कलम ११३मधले शब्द पुरेसे होते : ‘कायमची शारीरिक किंवा नैतिक असमर्थता’.

या शब्दांचे मूळ १८३९च्या घटनेपर्यंत जाते. त्या काळच्या स्पॅनिशमध्ये ‘मोराल’ म्हणजे मनाशी संबंधित. भान हरपलेल्या राष्ट्रप्रमुखाला बाजूला करता यावे, एवढाच या तरतुदीचा हेतू होता, असे अनेक घटनातज्ज्ञ मानतात. पुढे ‘मोराल’चा रूढ अर्थ नीतिमत्तेकडे सरकला आणि नीतिमत्ता मोजण्याचे माप संसदेच्या हाती आले. २००० साली आल्बेर्तो फुजिमोरी यांनी जपानमधून फॅक्सने राजीनामा पाठवला. संसदेने तो नाकारून त्यांना याच कलमाखाली पदच्युत केले.

पण २०१६नंतर अपवादाची सवय झाली. पेद्रो पाब्लो कुचिन्स्की यांच्या हाती सरकार होते, तर संसदेतले बहुमत विरोधकांच्या हाती. त्यांच्याविरुद्धचा पहिला ठराव डिसेंबर २०१७मध्ये फसला; मार्च २०१८मध्ये दुसऱ्या मतदानाच्या तोंडावर त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले मार्तिन विझकारा नोव्हेंबर २०२०मध्ये, ऐन कोरोनाच्या साथीत, १०५ मतांनी पदावरून गेले. त्यांच्यावरील आरोपांची चौकशी अजून चालू होती. तरुणाई रस्त्यावर उतरली, दोन तरुणांचा बळी गेला आणि नवे अध्यक्ष मानुएल मेरिनो आठवडाभरही टिकले नाहीत. डिसेंबर २०२२मध्ये राष्ट्राध्यक्ष पेद्रो कास्तियो यांनी संसद बेकायदा बरखास्त करू पाहिली; काही तासांतच १०१ मतांनी त्यांचे पद गेले. नंतरच्या आंदोलनांत, विशेषतः दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात, चाळीसहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर २०२५मध्ये त्यांच्यानंतरच्या राष्ट्राध्यक्ष दिना बोलुआर्ते यांना १२२ मतांनी हटवण्यात आले.

यांतले सगळेच नेते निर्दोष होते, असे नाही. कास्तियो यांनी तर घटनाच मोडायला घेतली होती. पण प्रत्येक वेळी कसोटी एकच असेल, मते किती जमली एवढीच, तर दोषी आणि नकोसा यांतला फरक पुसला जातो. आपण निवडलेला माणूस कोणत्या चुकीसाठी गेला, हे मतदाराला कळायलाच हवे.

याच घटनेतले कलम ८४ मध्यवर्ती बँकेला स्वायत्तता देते आणि सरकारला थेट कर्ज पुरवण्यास मनाई करते. १९९०मध्ये हजारो टक्क्यांची महागाई सोसलेल्या देशाने ही ओळ नि:संदिग्ध लिहिली. हुलिओ वेलार्दे २००६पासून बँकेचे प्रमुख राहिले. अध्यक्षांमागून अध्यक्ष गेले, तरी ‘सोल’ हे चलन स्थिर राहिले.

एका राज्यघटनेतली ही दोन कलमे. एकात काय करायचे नाही, ते स्वच्छ लिहिले आहे. दुसऱ्यात शब्दाचा अर्थ बहुमतावर सोडला आहे. पेरूच्या लोकांनी पैशाबाबत जी स्पष्टता मिळवली, तीच त्यांच्या मतालाही मिळायला हवी.