मनामाचे पत्र : जंतूचा माग

मनामा – बाब अल बहरीनच्या कमानीतून आत गेले की जुना बाजार लागतो. आत सुमारे दोनशे वर्षे जुने श्रीनाथजींचे मंदिर आहे आणि जवळच १९०३ पासून चालत आलेले अमेरिकन मिशन हॉस्पिटल. बहरीनमध्ये निम्म्याहून अधिक लोकवस्ती परदेशी, त्यात भारतीय सर्वांत जास्त. शिवाय १९८६ पासून सौदीला जोडणारा २५ किलोमीटरचा सागरी पूल. त्यामुळे इथल्या रुग्णालयात येणाऱ्याने आधीचे उपचार मुंबईत घेतलेले असू शकतात, मनिलात किंवा सौदीतल्या दम्माममध्येही. सोबत तिथला जंतूही येऊ शकतो.

आखाती देशांतील ई. कोलाय आणि क्लेबसिएला जंतूंचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कार्बापेनेम ही राखीव प्रतिजैविके निकामी करणाऱ्या जंतूंमध्ये ओएक्सए-४८ आणि एनडीएम ही दोन विकरे (एन्झाइम) सर्वाधिक आढळली. यातील एनडीएमच्या नावात नवी दिल्ली आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनीही २०१० मध्येच त्याची नोंद केली होती.

अतिदक्षता विभागात तीन-चार रुग्णांत एकच जंतू सापडला की माग काढणे सुरू होते. कोण कोणत्या खाटेवर होता, कधीपासून, कोणते व्हेंटिलेटर, कोणती परिचारिका, कोणती नळी – सगळे तारखेनुसार मांडतात. बेसिनचा निचरा, खाटेचे कठडे, मॉनिटरची बटणे यांचे नमुने घेतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा जंतू कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तग धरतो, म्हणून रुग्ण घरी गेला तरी खाट संशयित राहते. शेवटी जनुकीय क्रम जुळवतात. तो जवळपास सारखा निघाला तर संसर्ग विभागातच एकाकडून दुसऱ्याकडे पसरला असण्याची शक्यता मोठी. वेगळा निघाला तर जंतू बहुधा निरनिराळ्या वाटांनी आले.

उपाय मात्र साधे आहेत : बाधितांना वेगळे ठेवणे, त्यांच्यासाठी स्वतंत्र परिचारिका, हातमोजे-गाऊन, कसून सफाई आणि प्रत्येक स्पर्शाआधी व नंतर हात स्वच्छ करणे. यातला शेवटचा नियमच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा.

मुंबई-पुण्याहून आई-वडिलांना इकडे आणणाऱ्या मराठी कुटुंबांना एवढेच सांगणे : गेल्या वर्षभरात ते कुठे दाखल झाले असतील तर डिस्चार्ज कार्ड आणि कल्चर रिपोर्ट सोबत ठेवा आणि डॉक्टरांनी विचारण्याआधीच दाखवा.