कुंभार्ली घाटात सुटलेली कडी

बेंदराच्या आदल्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतो. दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवतो, झूल चढवतो, पुरणपोळीचा घास भरवतो. दारातल्या मोटारसायकलला मात्र दसऱ्याला झेंडूचा हार घातला, की आपले कर्तव्य संपते. वर्षभर तिच्यावर दुधाच्या किटल्या जातात, खताची पोती जातात, कधी बायको आणि दोन पोरे एकाच खेपेला जातात. ती बोलत नाही, म्हणून आपण विचारत नाही. मीही त्यातलाच. २०१२ सालच्या डिसेंबरात ती एकदा बोलली, आणि तीही कुंभार्ली घाटाच्या उतारावर. ती हकिकत तुम्हाला सांगतो.

आम्ही कऱ्हाड तालुक्यातले. ऊसतोड थोडी लांबली होती, हाताशी चार दिवस होते. आमच्या शेजारचे अण्णा पिठाची गिरणी चालवतात. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, पण मैत्री बरोबरीची. त्यांनी टूम काढली, की दोन गाड्यांवर दोघे-दोघे गुहागरला जाऊ, व्याडेश्वराचे दर्शन घेऊ आणि बायकांना समुद्र दाखवू. अण्णांची बुलेट, माझी साधी शंभर सीसीची गाडी.

माझ्या गाडीची चेन महिनाभर कुरकुरत होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात बसून मीच ती उघडली. ताणून लांब झाली होती, म्हणून दोन कड्या काढून टाकल्या आणि पुन्हा जोडली. अण्णा दळण आटोपून आले, बघितले आणि म्हणाले, "कुणा मिस्त्रीला दाखवून घे की एकदा. लांबचा पल्ला हाय."

मला ते लागले. म्हटले, "आम्हाला काय कळत न्हाई व्हय?"

पाटणला भजी खाल्ली, कोयनानगरला थांबून धरणाची भिंत लांबून पाहिली. हेळवाकच्या पुढे घाट सुरू झाला. खाली पोफळीला चहा घ्यायचा असे ठरले होते. अण्णा पुढे, मी मागे. दोन-तीन वळणांत ते दिसेनासे झाले. दुपारचे साडेतीन झाले असतील. पायाखाली 'खट्ट' असा आवाज आला. इंजिन एकदम मोकाट ओरडू लागले आणि गाडी मात्र उताराला लागली.

हे कसे होते ते समजून घ्या. गाडी गिअरमध्ये असली की उतारावर इंजिन तिला मागे ओढून धरते. भरल्या गाडीला मागून साखळदंडाने धरून उतरवावे तसे. चेन सुटली की तो आधार क्षणात जातो. मग उरतात फक्त ब्रेक. पुढे ट्रक होता, डाव्या हाताला दरी. मी दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत गेलो. एकदम दाबले असते तर दोघेही रस्त्यावर आडवे झालो असतो. कठड्याला टेकून गाडी थांबली तेव्हा माझ्या पाठीला बायकोची बोटे रुतलेली होती. सुटलेली चेन चाकात किंवा पुढच्या दातेरी चक्रात अडकली असती तर मागचे चाक जागीच जाम झाले असते. तसे झाले नाही, हे आमचे नशीब.

हत्यारांची पिशवी घरी. गाडीच्या पेटीत काय होते म्हणाल, तर उसाच्या पावत्या आणि एक कंगवा. मोबाइल होता, पण त्या वळणावर रेंज नव्हती. दोन्ही बाजूंना जंगल आणि डिसेंबरचा दिवस लहान. बायको एवढेच म्हणाली, "अहो, अंधाराच्या आत काहीतरी करा."

दोन गाड्या नुसत्याच गेल्या. एक टेम्पोवाला थांबला, म्हणाला दोर बांधून ओढतो. मी नको म्हटले. आजवर घेतलेल्या मोजक्या शहाण्या निर्णयांत तो धरतो. दोन चाकांची गाडी घाटात दोराने ओढली, की दोराचा पहिला हिसका बसतो तिथेच माणूस पडतो. मग चिपळूणकडे जाणारी एसटी आली. वळण संपल्यावर जरा रुंद जागा पाहून ड्रायव्हरने गाडी उभी केली. मी धावत गेलो आणि सांगितले, "पोफळीला चहाच्या टपरीपुढं बुलेट उभी असंल. त्यांना सांगा, चेन तुटली."

निरोप पोचला. तो निरोपच अर्धवट होता, हे मला नंतर कळले. अण्णांनी वहिनींना टपरीवर बसवले, पुढे जाऊन एक दुकान शोधले आणि चेनचे लॉक मागितले. दारात बुलेट उभी, दुकानदाराने बुलेटचे दिले. त्याची काय चूक? पाचच्या सुमारास अण्णा ते घेऊन वर आले. लावून पाहतो तर पिनांमधले अंतरच जुळेना.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. चेनच्या पट्टीवर तीन आकड्यांचा नंबर कोरलेला असतो. बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना ४२८ नंबरची चेन असते. त्यातला पहिला आकडा म्हणजे दोन पिनांमधले अंतर किती सूत, ते. चार म्हणजे चार सूत, अर्धा इंच. अण्णांच्या बुलेटची ५३०, म्हणजे पाच सूत. सुतार-गवंड्याला जे हिशेब तोंडपाठ, ते मला माझ्या रोजच्या गाडीबद्दल ठाऊक नव्हते. निरोपात गाडीचे नाव जरी सांगितले असते, तरी अण्णांची खेप फुकट गेली नसती.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी स्वतःच्या पिशवीतला पाना काढून माझ्या गाडीचे चेनकव्हर उघडले. तळाशी ग्रीसमध्ये रुतून जोडकडी सापडली आणि तिची पट्टीही सापडली. नव्हती ती फक्त वरची बारीक चिमटी. चेनचा ताण पिना घेतात. चिमटीचे काम पट्टी निसटू न देणे, एवढेच. अण्णांच्या नंबरप्लेटला बांधलेली तार होती, ती त्यांनी सोडली. कडी घातली, पट्टी बसवली आणि पिनांच्या खाचांत तार आठाच्या आकड्यासारखी आवळून पिळून टाकली. गिरणीत पट्टे जोडून जोडून हात तयार झालेला. हा उपाय गावापर्यंत पोचण्यापुरता आहे. तारेवर भरवसा ठेवून कामाला निघू नका.

सगळा वेळ मी बडबडत होतो, की चेन विकणाऱ्या दुकानदाराने फसवले, मालच हलका दिला. अण्णा 'हं' म्हणत होते.

बायको बुलेटवर बसली. मी पुढे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, चेनला हिसका न देता. मागे अण्णांच्या दिव्याचा उजेड. पोफळीला वहिनी टपरीच्या बाकावर आमच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "भाऊजी, आधी चहा घ्या," म्हणाल्या. मग तशाच गतीने चिपळूण. पोचायला आठ वाजून गेले.

तिथल्या मिस्त्रीने नवे लॉक बसवले आणि सहज बोलून गेला, "हिचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं पळते तिकडं पाहिजे. उलटी लावली, की कुठंतरी घासून निघून जाते." कडी वरच्या बाजूला असताना चिमटीचे बंद तोंड इंजिनाकडे आणि फट मागच्या चाकाकडे, हे त्याने बोटाने दाखवले. माझ्या डोळ्यांपुढे आमचे अंगण आले. मी फट पुढे करून बसवली होती. दुकानदाराचा काही संबंध नव्हता. तिथे मात्र मी गप्प बसलो.

त्याने मागचे दातेरी चक्रही दाखवले. दाते मासे धरायच्या गळासारखे वाकले होते. लांब झालेली चेन कड्या काढून आखूड होते, पण नवी होत नाही. झिजलेली प्रत्येक कडी दात्यांना खातच राहते. चेन बदलायची तर दोन्ही चक्रांसकट बदलावी. चेन मध्यावर बोटाने वर-खाली हलवून पाहा. साधारण एक इंच खेळ असावा, नेमके माप तुमच्या गाडीच्या पुस्तकात असते. चाक फिरवून चार ठिकाणी पाहा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणत नाही. आवळताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरके बसते. मग मागचा ब्रेक पुन्हा जुळवा. तेल नव्वद नंबरचे घाला. इंजिनातले काढलेले काळे ऑइल आपण सर्रास चेनला लावतो, पण त्यात धातूचा बारीक कीस असतो. आणि काही झाले तरी इंजिन चालू ठेवून चेन पुसू नका. फडके ओढले जाते आणि मागोमाग बोट जाते.

चेनचे लॉक खिशात मावते. आपल्या नंबरचे एक, पाना, पक्कड आणि हातभर तार, एवढे पेटीत पावत्यांच्या जागी ठेवा. दोन गाड्या असतील तर पुढच्याने दर वळणानंतर आरशात मागची दिसते का ते पाहावे. हे अण्णांनी स्वतःहून कबूल केले.

दुसऱ्या दिवशी गुहागरला बायका पाण्यात पाय बुडवून उभ्या होत्या, आम्ही वाळूत बसलो होतो. तिथे मी अण्णांना सांगितले, "लॉक मीच उलटं बसवलं हुतं. उगाच त्या दुकानदाराला शिव्या घातल्या."

अण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी तरी कुठं गाडी कंची ते बघून लॉक मागितलं? आता परत गेल्यावर त्याच्या दुकानात जा आणि नवी चेन त्याच्याकडनंच घे."

गेलो. चेन आणि दोन्ही चक्रे घेतली. त्याला कारण सांगितले नाही, तेवढा धीर झाला नाही. बुलेटच्या त्या चुकीच्या लॉकचे पैसे अण्णांनी अजून घेतलेले नाहीत. बायको मात्र लांब निघायच्या आदल्या रात्री बॅटरी घेऊन गाडीपाशी उकिडवी बसते आणि मला कव्हर उघडायला लावते. फट मागे आहे हे स्वतः पाहिल्याशिवाय ती पिशवी भरत नाही.