पंखा आवाज का करतो?

आई भारतातून आली की एसी नको म्हणते, पंखा हवा. मागच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या आमच्या भाड्याच्या घरात तिच्या खोलीतला छताचा पंखा लावून दिला. सकाळी म्हणाली, “अरे, रात्रभर डोक्यावर कुणीतरी तंबोरा लावत बसलं होतं.”

तुमचाही पंखा असा त्रास देत असेल, तर स्टूल आणि तेलाची बाटली काढण्याआधी एक करा. पंखा पूर्ण वेगात फिरू द्या, मग बटण बंद करून कान द्या. पाती थांबायला वेळ लागतो, वीज मात्र लगेच थांबते. आवाज बटणाबरोबर गेला तर दोष विजेच्या बाजूचा. पाती मंदावतील तसतसा तोही मंदावत गेला तर यांत्रिक.

आमचा आवाज बटणाबरोबर गेला. मग (सवयीचा परिणाम!) फोनवर फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप उघडून आवाजाचा वर्णपट पाहिला. १२० हर्ट्झवर शिखर होतं, आणि पुढे २४०, ३६०, ४८० अशी कंगव्याच्या दातांसारखी रांग. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा कमाल होतो, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि मोटरचं लोखंड दोन्ही वेळा खेचलं जातं, म्हणून १२०. दुबईत, लंडनमध्ये किंवा पुण्यात हाच आकडा १०० येईल. एवढी गुणगुण चांगल्या पंख्यातही थोडीफार असतेच. संशय आला तो पुढच्या रांगेमुळे.

गुन्हेगार भिंतीवर होता. आधी कुणीतरी पंख्याला दिव्याचा डिमर जोडून ठेवला होता. असा डिमर विजेच्या प्रत्येक लाटेचा सुरुवातीचा भाग कापतो, त्यामुळे प्रवाह झटक्याने सुरू होतो. लाटेला असे टोकदार कोपरे आले की वरच्या वारंवारता तयार होतात आणि मोटरची वेटोळी त्या तालावर थरथरतात. ओळखायची खूण सोपी: मधल्या वेगावर आवाज जास्त, पूर्ण वेगावर कमी. आणि हे केवळ झोपेपुरतं नाही. मोटर तापते, आणि दिव्यासाठीचा डिमर मोटरचा भार घ्यायला बनवलेलाच नसतो. इलेक्ट्रिशियनने तिथे पंख्याचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला आणि तंबोरा थांबला.

आता यांत्रिक आवाज. दर फेऱ्याला एकदा ‘टक्’ होत असेल, तर बहुतेक वेळा पात्याचा स्क्रू किंवा छतालगतची वाटी सैल असते; वीज बंद करून आवळा. पंखा डुलत असेल तर आधी पाती पुसा. धूळ पात्याच्या पुढच्या कडेवर बसते, आणि सगळ्या पात्यांवर सारखी बसत नाही. हिशोब करून पाहा: मध्यापासून ६० सेंटिमीटरवर फक्त ५ ग्रॅम जास्त, वेग मिनिटाला ३०० फेरे. बाहेर ओढणारं बल येतं सुमारे ३ न्यूटन, म्हणजे ३०० ग्रॅम वजनाएवढं, आणि त्याची दिशा सेकंदाला पाच वेळा गरगर फिरते. पुसूनही डुलला, तर प्रत्येक पात्याच्या टोकाचं छतापासूनचं अंतर मोजा. एखादं वाकलेलं सापडतं. नाहीतर तोल साधायची छोटी वजनं विकत मिळतात. नाणं टेपने चिकटवू नका, ते सुटलं तर थेट अंगावर येईल.

घरघर किंवा खरखर असेल तर बेअरिंग. टेबल पंख्याच्या बुशला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. छताच्या पंख्यात बहुधा बंद बॉल बेअरिंग असतं. तिथे तेल आत पोचतच नाही, बेअरिंगच बदलावं लागतं.

एका गोष्टीत मात्र थांबू नका. भारतात पंखा स्लॅबमधल्या लोखंडी हुकाला टांगलेला असतो. इथे तो छतातल्या विजेच्या डब्याला टांगतात, आणि दिव्यासाठीचा साधा डबा पंख्याचं वजन आणि थरथर पेलायला केलेला नसतो. पात्यांबरोबर छतालगतची वाटीही हलताना दिसली, तर पंखा बंद ठेवा, खालचा पलंग बाजूला सरकवा आणि घरमालकाला फोन करा.