दरवाजे राहिले, तट कुठे गेला?

छत्रपती संभाजीनगरात रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर दरवाजांवाचून भागत नाही. रोशनगेट, कटकटगेट, पैठणगेट, जाफरगेटचा मोंढा. बावन्न दरवाजांचे शहर अशी ख्याती. पण त्या बावन्नांत किल्ले अर्क या राजवाड्याचे, पुऱ्यांचे आणि मोहल्ल्यांचे दरवाजेही मोजलेले आहेत. प्रत्यक्ष शहराच्या तटाचे दरवाजे मोठे चार आणि दुय्यम नऊ. दिल्ली दरवाजा उत्तरेला, पैठण दक्षिणेला, मकाई पश्चिमेला, जालना पूर्वेला. गेल्या काही वर्षांत काहींची डागडुजी झाली, रोषणाई झाली. ते ज्या तटात बसवले होते, त्याची विचारपूस मात्र फारसे कुणी करत नाही.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली. भडकल दरवाजा १६१२ चा, म्हणजे तटाहून सत्तर वर्षांनी थोरला. तट औरंगजेबाचा. १६८१ च्या आरंभी मराठ्यांनी बुऱ्हाणपूरचे पुरे लुटले आणि दख्खनमधल्या मोगली शहरांचे धाबे दणाणले. मार्च १६८२ मध्ये बादशहा स्वतः इथे येऊन पोहोचला, आणि त्याच सुमारास शहराभोवती भिंत उठू लागली. संभाजी महाराजांच्या घोडदळाच्या धास्तीने बांधलेल्या तटातले शहर आज त्यांचेच नाव लावते, हा काळाने उगवलेला सूडच म्हणायचा.

उंची ऐकून अनेकांचा विरस होतो: सुमारे चौदा फूट. दौलताबादचे तट पाहिलेल्या माणसाला हे कुंपणच वाटेल. पण अचानक येणारे, जड तोफा बरोबर न बाळगणारे स्वार थोपवायला एवढी उंची पुरते, असे मला वाटते. वर चर्या, त्यांत बंदुकीसाठी जंग्या, ठरावीक अंतरावर अर्धगोल बुरूज. पश्चिमेला खाम नदीचे पात्र आयत्या खंदकासारखे. आणि या बुटकेपणामुळेच तट दिसेनासा झाला असावा. चौदा फुटी दगडी भिंत घराची मागची बाजू म्हणून सहज खपून जाते.

म्हणून शोध घ्यायचा तो दोन दरवाजांच्या मधल्या पट्ट्यात. सिटी सर्व्हेच्या नकाशावर लागोपाठच्या दरवाजांमधून रेघ ओढावी आणि त्या रेघेच्या आसपासच्या मिळकती बघाव्यात. ओळीने अनेक घरांची मागची हद्द एकाच रेषेत येत असेल, मध्येच एखाद्या हद्दीला अर्धवर्तुळाकार फुगवटा असेल, तर तिथे बुरूज असण्याचा संभव मोठा. मग प्रत्यक्ष जागेवर जावे. सिमेंटच्या गिलाव्याआडून डोकावणारा काळा दगड, चुन्याचे सांधे आणि भिंतीची न पटणारी जाडी या खुणा बघायच्या. खामकाठी नदीच्या बाजूने पाहिलेले बरे. तिकडून घरांचे दर्शनी भाग आड येत नाहीत.

ग्रीसच्या अथेन्समध्ये हेच काम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. पर्शियनांनी शहर उद्ध्वस्त केल्यावर थेमिस्टोक्लीसने इ. स. पूर्व ४७९ च्या सुमारास घाईघाईने तट उभारला. थडग्यांचे दगडसुद्धा भिंतीत घातले, असे ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो. केरामेइकोस या तिथल्या प्राचीन दफनभूमीच्या उत्खननात तसे कोरीव दगड तटात खरोखरच सापडले. बाकीचा तट आधुनिक शहराखाली गडप आहे. नव्या इमारतीचा पाया खोदताना त्याचा तुकडा लागतो, पुरातत्त्वज्ञ नोंद घेतात, नकाशावर आणखी एक ठिपका पडतो. काही तुकडे इमारतींच्या तळघरांत जपून ठेवले आहेत, आणि अशा ठिपक्यांवरूनच अथेन्सच्या तटाची रेषा आखली गेली.

आपला तट अडीच हजार वर्षांचा नाही, साडेतीनशेचाही नाही. तो जमिनीखाली नसून बऱ्याच ठिकाणी जमिनीवरच, फक्त घरांच्या आड असणार. जुन्या शहरात वाडे पाडून मजले चढत आहेत. तुमचे घर या पट्ट्यात असेल, तर पाडकामाआधी मागच्या भिंतीची जाडी मोजा, चार फोटो काढा आणि महापालिकेला किंवा इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या इथल्या शाखेला कळवा.