डाव्या बाजूला काय लिहायचं?

बारावीला बीके घेतलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं: ताळेबंदात देणी डावीकडे, मालमत्ता उजवीकडे. भांडवल, कर्ज, धनको या बाजूला; इमारत, यंत्रं, ऋणको, रोकड त्या बाजूला. बेरजा जुळल्या की खाली दोन रेघा, आणि सुटलो बुवा एकदाचे! ही मांडणी आपण ब्रिटिशांकडून घेतली. पण बीकॉम करून कार्डिफला अकाउंटिंगच्या एमएस्सीला गेलेल्यांना तिथल्या कंपन्यांच्या ताळेबंदात डावं-उजवं सापडतच नाही. एकच उभा रकाना: वर मालमत्ता, त्यातून देणी वजा, तळाशी मालकांचं उरलं ते. ब्रिटननं १९८१च्या कंपनी कायद्यानं ताळेबंदाचे ठरीव नमुने आणले, त्यांतला उभा नमुना रुळला. भारतीय कंपन्यांनाही २०११-१२पासून उभी मांडणी सक्तीची आहे. भागीदारीच्या गणितांत मात्र साहेबाची डावी बाजू आपण अजून जपून ठेवली आहे.

शब्दही बदलतात. ‘डेटर्स’चे ‘ट्रेड रिसीव्हेबल्स’ होतात, क्लोजिंग स्टॉकची ‘इन्व्हेंटरी’ होते, लाख-कोटींचे स्वल्पविराम सरकवून मिलियनवर न्यावे लागतात. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याला जमा, हा घोकलेला नियम बाजूला ठेवून ‘मालमत्ता म्हणजे देणी अधिक भांडवल’ या समीकरणावरून सगळं पुन्हा जुळवावं लागतं. कीर्द-खतावणी तीच असते, फक्त तिच्याकडे पाहण्याची खुर्ची बदलते.

हिशेब शिकायला कार्डिफसारखं गाव नाही, असं म्हणायला जागा आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या कंपन्यांची नोंद ठेवणारं कंपनीज हाउस हे सरकारी कार्यालय याच शहरात, विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. अर्थात चालायची गरज नाही. कुठल्याही कंपनीनं दाखल केलेले हिशेब तिथल्या संकेतस्थळावर फुकट उघडतात. आपल्याकडे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर तेच कागद पाहायला १०० रुपये मोजावे लागतात. कोपऱ्यावरच्या चहावाल्याची कंपनी असेल, तर तिचाही ताळेबंद वाचता येतो.

पण दाखल झालेला कागद खरा असतोच असं नाही, हा धडाही याच इमारतीनं दिला. मे २०२४पर्यंत ऑनलाइन कंपनी काढायला अवघे १२ पौंड लागत आणि संचालक खरोखर कोण आहे, हे कुणी तपासत नसे. खोटी नावं, उसने पत्ते, सगळं निमूट नोंदवलं जाई. २०२३च्या कायद्यानं निबंधकाला प्रश्न विचारायचे अधिकार मिळाले, फी ५० पौंड झाली, आणि नोव्हेंबर २०२५पासून संचालकांची ओळखपडताळणी सुरू झाली. करखात्याचीही फजिती याच गावात झाली. २०२२मध्ये कार्डिफच्या एका रहिवाशाच्या दारात थकबाकीच्या पत्रांचा ढीग पडू लागला, कारण त्याच्या फ्लॅटच्या पत्त्यावर सुमारे ११,००० चिनी कंपन्यांनी व्हॅटची नोंदणी केली होती. ऑडिटच्या तासाला याहून चांगलं उदाहरण कुठलं?

गावाचा पैसा मूळचा कोळशाचा. माउंट स्टुअर्ट स्क्वेअरमधल्या कोल एक्स्चेंजमध्ये सौदे होत. दहा लाख पौंडांचा पहिला चेक तिथंच लिहिला गेला, असं कार्डिफकर अभिमानानं सांगतात. पुरावा मागू नये. १९१३मध्ये इथल्या गोद्यांतून एक कोटी टनांहून अधिक कोळसा बाहेर गेला. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झालं, आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय. १९१८ ते १९२० या काळात तिथं अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे लंडनला परतून त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर डीएस्सी मिळवली. सिडनहॅम आजही भरतं. कोल एक्स्चेंजचं हॉटेल झालं.

शिकवणाऱ्यांचे हिशेब तरी नीट असतात का? १९८७मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज कार्डिफ दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोचलं होतं. १९८८मध्ये शेजारच्या तंत्रज्ञान संस्थेत त्याचं विलीनीकरण करून ते वाचवलं गेलं. जानेवारी २०२५मध्ये कार्डिफ विद्यापीठानं पुन्हा तुटीचं कारण देत ४०० नोकऱ्या कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. स्थानिक विद्यार्थ्याच्या पदवीच्या फीला सरकारी मर्यादा आहे, २०२५-२६साठी ९,५३५ पौंड. परदेशी विद्यार्थ्याच्या फीला अशी मर्यादा नाही. त्यामुळे नाशिक-साताऱ्याहून एमएस्सीला आलेली मुलगी विद्यापीठाच्या लेखी नुसती विद्यार्थिनी नसते, तूट भरून काढणारी जमेची रक्कमही असते.

तिच्या घरची वही वेगळी. फी सोडून वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार. शिवाय राहण्या-खाण्याचे नऊ महिन्यांचे पैसे सलग २८ दिवस बँकेत पडून आहेत, हे व्हिसासाठी दाखवावं लागतं. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. शिक्षणानंतर नोकरी शोधायला मिळणारी दोन वर्षांची मुदत २०२७च्या जानेवारीपासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाची होणार. आणि एमएस्सी म्हणजे सीए नव्हे, हे एजंट क्वचितच ठळकपणे सांगतात. अकाउंटिंगच्या पदवीमुळे एसीसीए या ब्रिटिश व्यावसायिक परीक्षेच्या १३पैकी फार तर ९ पेपर माफ होतात, शेवटचे चार द्यावेच लागतात. ब्रिटनमध्ये चार्टर्ड व्हायला तर अकाउंटिंगचीच पदवी हवी असंही नाही. इतिहास शिकलेला मुलगाही फर्ममध्ये ४५० दिवसांचा अनुभव घेत परीक्षा देतो.

फी हा भांडवली खर्च की महसुली, हा प्रश्न घरात कर्जाच्या कागदावर सही करताना निघतोच. बाबा म्हणतात, भांडवली. पुढं उत्पन्न देणार ना! एमएस्सीच्या वर्गात आयएएस ३८ हे आंतरराष्ट्रीय लेखामानक शिकवताना उत्तर उलटं मिळतं. प्रशिक्षणावरचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही, कारण शिकलेला माणूस उद्या उठून जाऊ शकतो. तो खर्च त्याच वर्षी नफा-तोट्याच्या खात्यात नावे टाकायचा.