उन्हाचा आजार आणि गावाचे औषध

गेल्या एप्रिलमधील गोष्ट. दुपारचे अडीच वाजले होते. दवाखाना बंद करून जेवायला निघणार, तोच दाराशी जीप थांबली. कांदाकाढणीच्या टोळीतील दोघींनी तिसरीला धरून आत आणले. वय चाळिशीच्या आत. चक्कर, उलट्या, पायांत गोळे, जीभ कोरडी ठाक. नाडी जलद आणि रक्तदाब उतरलेला. सुदैवाने बाई शुद्धीवर होत्या. सलाईन लावले, अंगावर ओली फडकी टाकून पंखा सोडला. दोन-तीन तासांत त्या उठून बसल्या. मी नेहमीचा सल्ला दिला, ''चार दिवस उन्हात जाऊ नका, पाणी भरपूर प्या.''

आठव्या दिवशी त्याच बाई, त्याच अवस्थेत! मी जरा रागावलोच. त्या हळू आवाजात म्हणाल्या, ''डॉक्टर, घरी बसले तर मजुरी कोण देणार? अन् पाणी जास्त प्यायलं तर जायचं कुठं? सगळं रान उघडं.''

पंचवीस वर्षे मी तोच सल्ला देत आलो आहे. पुस्तकात तो बरोबर आहे. या बाईंना मात्र तो पाळणे शक्यच नव्हते.

आधी आजार समजून घेऊ. घाम उडून गेला की शरीर थंड होते. घामावाटे पाणी आणि क्षार जातात. ते भरून निघाले नाहीत तर गोळे येतात, गरगरते, मळमळते. तरीही काम चालूच राहिले तर शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. माणूस बरळू लागतो, झटके येतात, शुद्ध हरपते. हा उष्माघात, यात जीव जाऊ शकतो. शिवाय वारंवार पाणी कमी पडल्याने मूत्रपिंडांवर ताण येतो. लघवी तुंबवून ठेवणाऱ्या बायकांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वारंवार होतो.

ऊन आपल्याला नवे नाही. पण दीडशे वर्षांत पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढले आहे आणि उष्णतेच्या लाटा वाढल्या आहेत. कोळसा आणि तेल जाळल्याने हे घडले. अमेरिकेत वर्षाला माणशी सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भारतात सुमारे २ टन. भारतातही वातानुकूलित खोलीत बसणारा आणि कांदा काढणारी बाई यांचा वाटा सारखा नाही. जिचा वाटा सर्वांत कमी, तिलाच चक्कर आधी येते. 'हवामान न्याय' हा जड शब्द हल्ली ऐकू येतो. त्याचा अर्थ एवढाच, की ज्यांनी बिघडवले त्यांनी भार उचलावा आणि ज्यांना झळ लागते त्यांना निर्णयात जागा मिळावी.

असा विचार आपल्या जिल्ह्याला परका नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला आरोग्य प्रकल्प सुरू केला. औषधोपचाराच्या तयारीने आलेल्या या डॉक्टरांना लोकांनी सांगितले, आधी अन्न आणि पाणी. कूपनलिकांची वेळ आली तेव्हा त्या मुद्दाम दलित वस्तीत घेतल्या गेल्या. पाणी हवे तर इतरांनाही तेथे येणे भाग पडले. गावोगावच्या महिलांना, त्यांतील कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून शिकवले. महिला मंडळे आणि शेतकरी मंडळे उभी राहिली. त्यांनी बांधबंदिस्ती आणि वृक्षलागवडही केली. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी पाणी आणि समता यांना औषधाइतकेच मानले.

दुसरे उदाहरण हिवरे बाजारचे. १९७२ च्या दुष्काळाने मोडलेल्या या गावाने नव्वदच्या सुमारास पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली उभे राहायचे ठरवले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी असे नियम ग्रामसभेने केले. शेतीसाठी कूपनलिका नाही, उसासारखी तहानलेली पिके नाहीत. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी पिण्याचे पाणी, मग पिके. ज्याच्या खिशात पैसा त्याची बोअर खोल, हा आपल्याकडचा रिवाज तेथे चालला नाही.

आता त्या कांदेवाल्या बाईंकडे परत येऊ. मी टोळीला दवाखान्याच्या ओट्यावर बसवून उष्माघाताची माहिती दिली. पुढचे त्यांनीच केले. एकटीने सवलत मागितली की ''दुसरी आणतो'' असे उत्तर मिळे. या वेळी पंधराजणी एकत्र शेतकऱ्यापुढे गेल्या. काम पहाटे सहाला सुरू, बाराला बंद, चारनंतर पुन्हा. बांधावर बांबू रोवून शेडनेटचा तुकडा, माठभर पाणी, आडोशाला साड्यांचा पडदा. शेतकरीही काही सावकार नव्हे. भाव पडल्याने तोही गांजलेला. सुरुवातीला कुरकुरला, मग कबूल झाला. सगळे प्रश्न मिटले नाहीत. उक्ते काम असले की घाई होतेच. पण उरलेल्या हंगामात त्या बाई सलाईनसाठी आल्या नाहीत.

वाचकांनी एवढे जरूर करावे :

१. तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा चमचा) घातले की जलसंजीवनी होते. मीठ जास्त पडू देऊ नये.

२. माणूस बरळत किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. तापाची गोळी येथे उपयोगी नाही.

३. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे रुग्ण, वृद्ध आणि गरोदर महिला यांनी उन्हाळ्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे.

४. हे सर्वांत महत्त्वाचे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उन्हाळ्याचा विषय मांडावा. कामाच्या वेळा, सावली, पिण्याचे पाणी आणि महिलांसाठी आडोसा यांचा ठराव करावा. महिलांची सभा आधी होते. तेथेच हे पक्के करावे.

सलाईनची बाटली मी लावू शकतो. बांधावरची सावली मात्र गावालाच उभी करावी लागेल.